माझं मी! (सव्वादोन वर्षांच्या बाईसाहेब आणि एक बूट)

अर्धीझोप | सोमवार, रात्री ११.२०

लेक सव्वादोन वर्षांची आहे. आज सकाळी "चला, निघू या" म्हटल्यापासून दाराला कुलूप लागेपर्यंत ४७ मिनिटं गेली. घड्याळ लावून मोजली नाहीत, पण ऑफिसला पोचल्यावर हिशेब तर द्यावाच लागतो.

त्यातली वीसेक मिनिटं एकाच बुटाची. डावा बूट, उजवा पाय. मी नुसता हात पुढे केला तर "नाईऽऽ! माजं मी!" बरं बाई, तुझं तू. बसले समोर. जीभ बाहेर काढून, कपाळाला आठ्या घालून चार वेळा पाय घुसवला, चार वेळा टाच बाहेर. पाचव्यांदा बसला. वरची पट्टी चिकटवली. मी टाळ्या वाजवल्या. तिने पट्टी उपटली, कारण त्या 'चर्र' आवाजाचा शोध तिला त्याच क्षणी लागला होता. मग चर्र, चर्र, चर्र.

नऊची मीटिंग होती. उचललं, दोन्ही बूट कोंबले आणि निघाले. तर दारातच पालथी. टाचा आपटणं, भोकाड, बूट दोन दिशांना. शेवटी मी ओरडले. म्हणजे शेजारचं दार किलकिलं झालं इतक्या मोठ्यांदा. ती एकदम गप्प. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, हऊ बोल."

हे मी तिला दिवसातून दहा वेळा सांगते.

आणि संध्याकाळी हीच मुलगी, मी कपडे वाळत घालत होते तर शेजारी उभी राहून एकेक चिमटा हातात देत होती आणि दर चिमट्याला माझ्याकडून "थँक्यू" वसूल करत होती. बावीस चिमटे. एकविसाव्याला मी विसरले तर चिमटा परत मागून घेतला.

तर विचारायचं हे, की सगळ्यांकडे असंच असतं का? आणि ओरडून झाल्यावर तुम्ही काय करता? पुस्तकी सल्ले नकोत, घरातलं सांगा.

जुळ्यांचा_बाबा | सोमवार, रात्री ११.५२

४७ मिनिटांत? दोन्ही बुटांसकट? हेवा वाटला.

आमच्याकडे दोन नग आहेत, पावणेतीन वर्षांचे. एकाला बूट घालून दुसऱ्याकडे वळलो की पहिला काढून बसतो. फुटक्या घागरीत पाणी भरायचं काम. कुणीतरी सुचवलं, दोनातलं एक निवडायला सांगा, म्हणजे त्यांना वाटतं आपण ठरवलं. "लाल की निळे?" तीन आठवडे मस्त चाललं. मग धाकटा (सात मिनिटांनी धाकटा) शांतपणे म्हणाला, "पिवळे." पिवळे बूट आमच्या घरात नाहीत, कधीच नव्हते. त्या नसलेल्या बुटांसाठी त्याने अर्धा तास जो शोक केला, तसा माझ्यासाठीही कुणी करणार नाही.

ओरडतो मीही. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरतो.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ६.४०

मी गेली अकरा वर्षं दीड ते तीन वयाच्या मुलांबरोबर काम करते. म्हणजे रोज सोळा-सतरा जोड बूट. थोडं पुस्तकी वाटेल, पण लिहितेच.

"माजं मी" हा हट्ट दिसतो, पण मुळात ती बातमी आहे. आपण आईपासून वेगळं कुणीतरी आहोत, हे तिला नुकतंच कळलंय. १९७२ मध्ये बेउला ॲम्स्टरडॅम यांनी एक साधा प्रयोग केला. लहान मुलांच्या नाकाला नकळत रंगाचा ठिपका लावायचा आणि आरशासमोर सोडायचं. वर्षाच्या आतलं मूल आरशातल्या बाळाशी खेळतं. दीड-दोन वर्षांच्या आसपास मात्र मूल स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतं. तोच तो 'मी'. तो सापडला की तो सगळीकडे वापरून बघायचा असतो, बुटावरसुद्धा.

आता दुसरी बाजू. मन आवरणारा जो मेंदूचा पुढचा भाग, तो पक्का व्हायला विशी उलटून जाते. त्यामुळे "एवढं कळत नाही का?" याचं उत्तर 'कळतं, पण थांबता येत नाही' असं आहे. शिवाय तिला कळतं पुष्कळ आणि बोलता येतं थोडं. मनात अख्खं भाषण असतं आणि तोंडातून "नाई" येतं. कुणीही टाचा आपटेल.

थयथयाट सुरू असताना समजावणं म्हणजे भर पावसात छत्री दुरुस्त करणं. २००३ मध्ये मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन वगैरे मंडळींनी अशा थयथयाटांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यात दिसलं की किंचाळणं, लाथा हा रागाचा भाग लवकर चढतो आणि ओसरतो. रडणं आणि जवळ घ्या म्हणणं त्यानंतरही रेंगाळतं. माझाही अनुभव तोच. लाथा चालू असताना उचललंत तर तुम्हालाच बसते. आवाज किंकाळीवरून मुसमुसण्यावर आला की हात पुढे करा, येते मांडीवर.

बुटाचं: एक मोठं स्टिकर मधोमध कापा. डावा अर्धा भाग डाव्या बुटाच्या आत, उजवा उजव्या. बूट शेजारी नीट ठेवले की चित्र जुळतं. आणि "पाच मिनिटांत निघायचंय" सांगू नका, तिला पाच मिनिटं म्हणजे काय ते माहीत नाही. "अजून दोनदा चर्र, मग जायचं" हे कळतं.

तिरकस | मंगळवार, सकाळी ९.१५

आरसा, ठिपका, मेंदूचा पुढचा भाग. आम्हाला लहानपणी एक धपाटा मिळायचा आणि बूट आपोआप पायात जायचे. आम्ही काही वाया गेलो नाही.

दुसऱ्यांदा_आजी | मंगळवार, सकाळी १०.३०

तिरकसराव, मी धपाटे दिलेले आहेत, त्यामुळे ऐकीव बोलत नाही.

धपाटा दिला की मूल गप्प बसतं, हे खरं. पण ज्या गोष्टीसाठी दिला ती गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हायचीच, फक्त माझ्या पाठीमागे. माझा मोठा पाच वर्षांचा होईपर्यंत इतकं छान लपवायला शिकला होता, की फुलदाणी फुटल्याचं मला आठवड्याने कळलं. तुकडे त्याने माझ्याच शिवणाच्या डब्यात ठेवले होते! बोटात गेला तेव्हा समजलं.

आता तोच त्याच्या मुलासमोर उकिडवा बसून "तुला राग आलाय का रे?" विचारतो. मला आधी हसू यायचं. एकदा नातू माझ्यावरच चिडला, खेळणं उगारलं, आणि मग थांबून म्हणाला, "आजी, मला लाग आलाय." दोन वर्षं नऊ महिन्यांचा जीव. माझ्या यजमानांना हे वाक्य सत्तरीतही जमलेलं नाही.

अर्धीझोप, तू ओरडलीस म्हणून पोर बिघडत नाही गं. पण नंतर भांडी आवरायला जाऊ नये. तिच्याजवळ जावं.

जुळ्यांचा_बाबा | मंगळवार, सकाळी १०.४४

आजी, टोला पोचला. :)

गोगलगाय | मंगळवार, दुपारी २.०५

मी बाबा आहे, घरी मीच असतो, बायको बाहेर नोकरी करते. मुलगा दोन वर्षांचा.

ओरडलो की पाच-दहा मिनिटांनी त्याच्या उंचीला बसतो आणि म्हणतो, "बाबा मोठ्यांदा ओरडला. चुकलं बाबाचं." एवढंच. "पण तू पण..." हे शेपूट जोडायचा मोह होतो, तो गिळतो. परवा बघतो तर त्याने अस्वलाला भिंतीवर आपटलं, उचललं, "चुकलं हं" म्हणाला, पापा घेतला आणि परत आपटलं. म्हणजे अर्धं पोचलंय.

बाकी माझं निरीक्षण असं की निम्मे थयथयाट भूक आणि झोपेचे असतात. झोपेची वेळ टळली की त्या दिवशी मोज्याची शिवणसुद्धा खुपते. या वयाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास लागतात, तीन वर्षांनंतर १० ते १३. आमच्याकडे पाहुणे आले की सगळ्यात आधी त्याची दुपारची झोप बुडते आणि संध्याकाळी सगळे म्हणतात, "हल्ली फार हट्टी झालाय हो."

शेवंती | मंगळवार, रात्री १०.१०

थोडं अवांतर होईल, पण झोपेसारखीच भुकेची रड आहे म्हणून विचारते. मुलगा वीस महिन्यांचा, जेवतच नाही. वर्षाचा होईपर्यंत वाटी चाटूनपुसून संपवायचा. आता दोन घास आणि मान फिरवतो. मी मागे मागे, तो टेबलाखाली. काल एक घास खायला पावणेदोन तास... नाही, पूर्ण जेवणाला. पण वाटलं एकाच घासाला.

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री १०.४८

शेवंती, वजनाचा हिशेब बघ. पहिल्या वर्षात मूल जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूक उतरणारच. आपलं डोकं मात्र पहिल्या वर्षाच्या वाटीवर अडकलेलं असतं. त्यातून नवा पदार्थ दिसला की तोंड मिटणं हाही याच वयाचा गुण.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी करून दिली आहे, ती मला फार आवडते. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. पहिले आठ-दहा दिवस जड जातात, कारण हात शिवशिवतात. नेमाने वजन करत राहा. वाढीचा आलेख घसरायला लागला, मूल मलूल दिसलं, तर मात्र वाटणी वगैरे बाजूला आणि थेट डॉक्टरांकडे.

आणि टेबलाखाली पळणाऱ्याच्या तोंडात घास घालू नकोस. बसूनच खायचं. द्राक्षं उभी चिरून, चार फोडी करून. अख्खे दाणे, सुकामेवा पाच वर्षांपर्यंत नकोच.

दुसऱ्यांदा_आजी | बुधवार, सकाळी ७.२०

घशात अडकण्यावरून आठवलं, रिमोटमधली ती नाण्यासारखी चपटी बॅटरी. आमच्याकडे झाकण सैल होतं, नातवाच्या मुठीत सापडली. गिळली असती तर दोन तासांत अन्ननलिका आतून जळू शकते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं आणि मी खुर्चीत बसले. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबून बघायचं नाही, तडक दवाखाना. आता घरातल्या प्रत्येक रिमोटला स्क्रूचं झाकण आहे की नाही ते आज बघा. आजच.

खिडकीतून | बुधवार, दुपारी १२.३५

मी फारशी लिहीत नाही, पण थयथयाट वाचून राहवलं नाही. माझी मुलगी दीड वर्षाची असताना चमचा काढून घेतला म्हणून रडायला लागली. एक लांब हुंदका, आणि पुढचा श्वासच नाही. तोंड उघडं, आवाज बंद, ओठ निळे. मग अंग सैल पडलं. मी तिला हलवत, किंचाळत जिन्यापर्यंत धावले. तेवढ्यात तिने श्वास घेतला आणि दोन मिनिटांत चमचा मागितला.

डॉक्टर म्हणाले, श्वास रोखला जाणं हा प्रकार या वयात दिसतो. मूल मुद्दाम करत नाही, काही सेकंदांनी श्वास आपोआप सुरू होतो, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेकांचं थांबतं. एका कुशीवर झोपवायचं, हलवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. पहिल्यांदा झालं तर तपासून घ्यायचंच, कारण फिट आहे का हे आपल्याला घरी कळत नाही. तिचं लोह कमी निघालं, त्याचं औषध दिल्यावर प्रमाण खूप कमी झालं.

त्यानंतर मात्र आमचं एक झालं. ती रडेल या भीतीने आम्ही तिला नाही म्हणणंच सोडलं. वर्षभर घरात चमच्यांचं राज्य. ते निस्तरायला पुढचं वर्ष गेलं, आणि खरं सांगायचं तर निळ्या ओठांपेक्षा ते अवघड होतं.

तिरकस | बुधवार, दुपारी १.१०

हे वाचून मी गप्प. माझा धपाट्याचा प्रतिसाद जरा उडतउडत होता, मागे घेतो.

पण आता मला एक खरा प्रश्न आहे. आमच्याकडे एकोणीस महिन्यांचे चिरंजीव आहेत (हो, मीही याच बोटीत आहे, म्हणून तर खवचट झालोय). जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला तासाभराच्या आत, कमी तेवढं बरं. मान्य. हे लिहिणाऱ्यांनी घरात एकट्या माणसाने आंघोळ कशी करायची, तेही लिहिलंय का कुठे?

गोगलगाय | बुधवार, दुपारी १.३२

बाथरूमचं दार उघडं, दारात मूल, मुलापुढे पातेली आणि झाकणं. तुम्ही आत गाणं म्हणायचं, तो बाहेर ठेका धरतो. गाणं थांबलं की आत येतो, त्यामुळे साबण लावतानाही गात राहायचं.

एक महिना मीही फोन दिला होता. देताना शांतता फार स्वस्त मिळते, परत घेताना व्याजासकट वसूल होते. आता एकच, दुसऱ्या गावी असलेल्या आजोबांशी व्हिडिओ कॉल. तिथे निदान पलीकडून कुणी उत्तर देतं. तो आजोबांना फोनच्या मागच्या बाजूला शोधतो, ते वेगळं.

जुळ्यांचा_बाबा | बुधवार, रात्री ११.०५

आजारपणात, रात्रभर जागरणानंतर आम्ही वीस मिनिटं चित्रं लावतो आणि त्या वीस मिनिटांत दोघं नवरा-बायको भिंतीकडे बघत बसतो. मला त्याची लाज वाटत नाही. रोजची सवय नाही, एवढंच बघतो.

बरं, नुसतं रडगाणं झालं. गोड काहीतरी सांगा राव. मी सुरू करतो. आमचे दोघंही दिवसभर आईजवळ, त्यामुळे दोघंही "मी जाते", "मी खाते". मी म्हटलं, अरे, जातो म्हण. तर थोरला म्हणाला, "नाही, बाबा जातो. मी जाते." म्हणजे 'जातो' हे फक्त बाबांचं क्रियापद.

शेवंती | बुधवार, रात्री ११.१८

हाहा! आमच्या शेजारची मुलगी "आई ऑफिसला जाली". गेली नाही, जाली. घरात कुणीही असं बोलत नाही.

पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी ६.३५

'जाली' ऐकलं की मला फार आनंद होतो. आली, प्याली, निघाली यांवरून तिने नियम स्वतः बांधला आणि 'जा'ला लावला. चूक आपल्या भाषेची आहे, जिने 'जा'चं 'गेली' करून ठेवलं. दुरुस्त करू नका. "हो, आई ऑफिसला गेली" एवढं म्हणून पुढे जा. सहा-आठ महिन्यांत 'जाली' कायमची जाते, आणि मग चुकल्यासारखं वाटतं ते आपल्यालाच.

माझ्या गटात एक जण आहे, त्याला काल आणि उद्या एकच. "उद्या मी पडलो होतो," गुडघ्याची खपली दाखवत. आणि निरोप घेताना, "काल येतो हं."

दुसऱ्यांदा_आजी | गुरुवार, सकाळी ८.००

माझ्या नातवाला वाटतं मी रात्री चष्मा काढला की मला ऐकू येत नाही. त्यामुळे झोपताना तो माझ्याशी अगदी मोठ्यांदा, तोंड माझ्या कानाला लावून बोलतो. मी काही सांगितलेलं नाही. कान दुखतो, पण असू दे.

अर्धीझोप | शुक्रवार, रात्री ९.५०

सगळं तीन-तीनदा वाचलं. रिमोट तपासले, एकाचं झाकण चिकटपट्टीवर होतं, बदललं. आजी, थँक्यू (एकविसावं विसरलेले नाही).

आता बुटाचा अहवाल. बुधवारी हत्तीचं स्टिकर आणलं, मधोमध कापलं, डावीकडे सोंड, उजवीकडे शेपूट. बाईसाहेब खूश. बूट जुळवले, हत्ती पूर्ण झाला, टाळ्या. आणि मग बूट घालायला ठाम नकार. का? "हत्तीला लागेल." पाय हत्तीवर पडतो ना! बुधवारी मोज्यांवर गेलो, बूट माझ्या पिशवीत, हत्ती सुखरूप.

गुरुवारी पाटीपेन्सिलताईंचं "अजून दोनदा चर्र" वापरलं. दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं, पण चौथ्यांदा ती स्वतःच थांबली आणि "झालं" म्हणाली. हत्तीला आधी विचारून पाय घातला. हत्ती हो म्हणाला. २९ मिनिटं.

आज सकाळी मीच घाईत होते. फोन खांद्यात, पिशवी शोधतेय, डबा राहिलाय. एकदम पायाला काहीतरी लागलं. बघते तर ही खाली बसून माझी सँडल माझ्या पायात घालतेय. जीभ बाहेर, कपाळाला आठ्या. डावी सँडल उजव्या पायात. मी पाय मागे घ्यायला गेले तर घट्ट धरला आणि म्हणाली,

"आई, तुजं मी."

उभी राहिले. दोन्ही घालून झाल्या, दोन्ही उलट्या. खालच्या मजल्यापर्यंत तशीच चालत गेले, तिच्या देखत बदलायची हिंमत झाली नाही.

जुळ्यांचा_बाबा | शुक्रवार, रात्री १०.०२

मीटिंग?

अर्धीझोप | शुक्रवार, रात्री १०.०४

बुडाली.